मी ज्यांना ओळखलं नाही

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. तुमच्या कंपासपेटीहूनही लहान, रंगाने काळं, आणि डोक्यावर काचेचा चौकोनी तुकडा बसवलेलं. माणसाने त्या काचेवर बोट टेकवलं की मी बोटाच्या रेषा वाचतो आणि हा माणूस कोण ते सांगतो. ओळख पटली तर हिरवा दिवा, नाही पटली तर लाल. माझं बोलणं इतकंच. आज मात्र जरा जास्त बोलणार आहे, कारण एक गोष्ट मनात ठेवून ठेवून मी अगदी बेजार झालोय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी मला जोडलं, माझी काच पुसली आणि हातमोजे काढून स्वतःची मऊ बोटं टेकवून मला तपासलं. दर वेळी हिरवा! मला वाटलं, जगातली सगळी बोटं अशीच असतात. कारखान्याबाहेर पाऊल न टाकलेल्याला जगाची अक्कल कुठून असणार?

तिथून मी या सरकारी कचेरीत आलो. कमी कमाईच्या कुटुंबांना सरकार दर महिन्याला थोडी मदत देतं, ती इथे खिडकी क्रमांक तीनवर मिळते. कुणाचं घरभाडं, कुणाच्या मुलांच्या वह्या, कुणाची औषधं, असं काहीबाही त्यातून भागतं. पूर्वी म्हणे दुसऱ्याच्या नावावर पैसे उचलणारे लबाड लोक असत. मी आलो आणि त्यांची पंचाईत झाली. मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हा काही कुणाची भीडभाड ठेवणार नाही!" मी असा काही फुगलो म्हणता! खिडकीवरचे कारकूनभाऊ तर मला रोज स्वतःच्या रुमालाने पुसायचे.

दिवस मजेत जात होते. रांगेतल्या बायका एकमेकींची उणीदुणी काढायच्या, म्हातारे कचेरीच्या पंख्याला नावं ठेवायचे, आणि मी आपला टिंग टिंग हिरवा लावत बसायचो.

त्या रांगेत एक मावशी यायच्या. एका मोठ्या खानावळीत त्या दिवसभर भांडी घासायच्या. नवरा जिन्यावरून पडल्यापासून अंथरुणाला खिळलेला, आणि मुलगी सातवीत. दोन वर्षं त्यांच्या बोटाला मी हिरवा दिवा दिला. मग एके महिन्यात त्यांनी बोट टेकवलं आणि मला काही वाचताच येईना. नुसती गुळगुळीत कातडी! मी लाल लावला.

"पुन्हा टेकवा," कारकूनभाऊ म्हणाले. पुन्हा लाल. दहाही बोटं झाली, दहाही लाल.

"मावशी, यंत्र तुम्हाला ओळखत नाही."

"अहो, पण तुम्ही ओळखता ना? मागच्या महिन्यात माझ्या नवऱ्याची तब्येत विचारलीत!"

"मी ओळखून काय उपयोग? पुढच्या महिन्यात या. पण लक्षात ठेवा, लागोपाठ तीन महिने ओळख पटली नाही तर नाव यादीतून कमी होतं."

दुसऱ्या महिन्यात रांगेने सल्ल्यांचा नुसता पाऊस पाडला. कुणी म्हणालं बोट केसांत फिरवा, कुणी म्हणालं तेल लावा. मावशींनी बिचाऱ्यांनी तेल लावलं. माझी काच अशी माखली की मागच्या चौघांनाही लाल! सगळे हसले, मावशीही हसल्या. पण जाताना त्यांच्या पावलांत जीव नव्हता. मला मात्र तेलाचाच राग आला होता. किती शिष्ट होतो मी!

तिसऱ्या महिन्यात मदत वाटपाच्या शेवटच्या दिवशी मावशी मुलीला घेऊन आल्या. कचेरीतल्या शिपाईताई माझी काच पुसत होत्या, त्यांना मावशी म्हणाल्या, "आज नाही जमलं तर हिची शाळा बंद. सोमवारपासून माझ्याबरोबर भांड्यांना बसेल. खानावळीच्या मालकाशी बोलून ठेवलंय."  मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

मावशींनी बोट टेकवलं. मी माझी सगळी ताकद लावली, खरंच लावली. लाल.

शिपाईताईंनी त्यांचा हात धरला आणि दचकल्याच. "अगं बाई! हात एवढे लालभडक कशाने झाले? इथे तर सोललंय!"

मावशी ओशाळल्या. "कचेरीत यायचं म्हणून घासले हो. दर महिन्याला घासते. आता खानावळीत नवी पावडर आलीय, तिने आणि तारेच्या घासणीने कसे लख्ख निघतात. साहेबलोकांपुढे खरकट्या वासाचे हात कसे ठेवायचे?"

 मित्रांनो, त्या माऊलीने आमचा मान राखायला स्वतःच्या रेषा घासून टाकल्या होत्या, आणि मी तिला दर वेळी लाल दिवा दाखवत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलीने हळूच विचारलं, "काका, आईऐवजी माझं बोट चालेल का?"

कारकूनभाऊंनी चष्मा काढला. मग खालचा खण ओढून नियमांचं पुस्तक काढलं आणि भराभर पानं उलटली. "आहे इथे," ते म्हणाले. "यंत्र ओळखत नसेल, तर दोन साक्षीदार आणि साहेबांची सही. मला ठाऊक होतं मावशी. पण वेगळा कागद करा, दोन जिने चढा... मी कधी केलंच नाही."

"साक्षीदार कोण होणार?" असं त्यांनी विचारायचा अवकाश, सगळी रांग पुढे सरकली.

"दोनच हवेत हो!"

"असू द्या, बारा घ्या!" मागून एक आजोबा ओरडले. "बायको मला ओळखत नाही एवढं मी हिला ओळखतो!"

साहेब घरी निघाले होते. कारकूनभाऊ धापा टाकत वर गेले आणि सही घेऊनच खाली आले. मावशींना तिन्ही महिन्यांची मदत मिळाली. त्या मुलीला जवळ घेऊन नुसत्या रडल्या. सोमवारी ती मुलगी शाळेत गेली.

मला वाटलं, संपलं, सुटलो! पण कारकूनभाऊंनी एक फाईल काढली. माझ्यामुळे यादीतून कमी झालेल्या अकरा जणांची. ते सगळे लबाड, आपोआप पकडले गेले, असंच आम्ही धरून चाललो होतो. कारकूनभाऊ प्रत्येकाचं काम मोठ्याने वाचू लागले. धुणं धुणारी. विटा वाहणारा. चुना कालवणारा. पुन्हा धुणं धुणारी. अकरावं काम वाचून झालं तेव्हा त्यांनी फाईल मिटली. शिपाईताई म्हणाल्या, "यात लबाड कोण आहे हो, भाऊ?"

दुसऱ्याच दिवशी अकरा पत्रं गेली. सात माणसं परत आली आणि साक्षीदार आणून आपली मदत घेऊन गेली. चार पत्रं मात्र तशीच परत आली. पाकिटांवर लिहिलं होतं, "घर सोडून गेले."

मित्रांनो, आता माझी काच ओरखडली आहे. लवकरच माझ्या जागी नवं यंत्र येईल, चेहरा ओळखणारं. येऊ दे बापडं. पण उद्या तुमच्यातलं कुणी अशा खिडकीमागे बसलं, तर माझं एवढं ऐका. यंत्राला रोज पुसा, जपा, पण ते नाही म्हणालं की आधी मान वर करून समोरच्या माणसाकडे बघा. आणि त्या चौघांपैकी कुणी तुम्हाला कुठे भेटलंच, तर त्यांना सांगा, खिडकी क्रमांक तीनवर परत या. तुम्ही खरेच होता. चूक माझी होती.