मुतवल्लीचा चंबू

मी एक जुना तांब्याचा चंबू आहे. पोट चपटं, मान अरुंद आणि खांद्यांवर पट्टा ओवायला दोन कड्या. सध्या माझा मुक्काम जपानमध्ये, ओसाकाच्या उत्तरेला, विद्यापीठाजवळच्या एका चौथ्या मजल्यावरच्या घरात आहे. शोकेसमध्ये माझ्या एका बाजूला लाकडी बाहुली असते आणि दुसऱ्या बाजूला गणपती. दोघेही अबोल. तेव्हा मित्रांनो, बोलायचं काम माझ्यावरच येतं.

माझा जन्म इजिप्तमधला. झगाझिग नावाच्या गावात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि आतून कल्हई केली. एका शेतकरी बाईने मला घेतलं. तिचा मुलगा मुतवल्ली सक्तीने सैन्यात भरती झाला होता. एवढ्या पोरांत याचा चंबू हरवायचा, म्हणून तिने माझ्या पोटावर त्याचं आणि पुढे त्याच्या बापाचं नाव कोरून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी घरी पोहोचेपर्यंत ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. ते बोट मला अजून आठवतं.

सन १८८२. इंग्रजांची फौज इजिप्तवर चालून आली. तेल-अल-कबीर इथे मुतवल्लीच्या सैन्याने वाळूत लांबच लांब खंदक खणले. आम्ही दोघे जवळच्या कालव्याच्या दक्षिणेला होतो. एका पहाटे, अंधारातून गुपचूप चालत आलेली ती फौज दिसली तेव्हा अगदी हाकेच्या अंतरावर होती. लढाई तासाभरात आटोपली. मुतवल्ली मात्र ऊन चढेपर्यंत जखमी होऊन तिथेच पडून होता, आणि मी रिकामा होतो. रिकामं असण्याची एवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

इंग्रजांबरोबर हिंदुस्थानी पलटणीही आल्या होत्या. त्यांच्या मागून खेचरांवर पखाली लादून एक माणूस आला. हा भिकाजी, चिपळूणकडचा. आपल्या शिपायांना पाणी पाजायचं, एवढंच त्याचं काम. "मय्या, मय्या," मुतवल्ली पुटपुटला. त्यांच्या भाषेत मय्या म्हणजे पाणी. भिकाजीला ती भाषा कुठली यायला? पण सुकलेले ओठ त्याला कळत होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पखालीचं तोंड सोडून मला भरलं आणि मुतवल्लीचं डोकं मांडीवर घेतलं. तो दोन घोट प्यायला. मग त्याने भिकाजीचं बोट धरलं आणि आईने फिरवलं होतं तसंच माझ्या अक्षरांवरून फिरवलं.

"हो बाबा, हो," भिकाजी म्हणाला. अक्षरओळख त्यालाही नव्हती.

थोड्या वेळाने मुतवल्लीचा हात खाली पडला. भिकाजीने त्याचे डोळे मिटले, माझा पट्टा सोडवला आणि मला बरोबर घेतलं. त्या दिवसापासून माझी एकच आस होती. ते नाव कुणीतरी वाचावं, मोठ्याने घ्यावं.

कोकणात माझे दिवस फार चांगले गेले हो! दर दसऱ्याला भिकाजी मला घासूनपुसून, पाण्याने भरून, कोयत्या-विळ्यांशेजारी पूजेला मांडायचा. पूजा झाली की माझ्यातलं पहिलं पाणी घराबाहेरच्या माणसाला. मग तो वाटसरू असो, टपालवाला असो नाहीतर कल्हईवाला. त्याआधी घरात कुणी घोट घ्यायचा नाही. असं का, हे त्याने कुणाला धड सांगितलं नाही. तो मुळातच कमी बोलायचा.

ती कसर पुढच्यांनी भरून काढली. भिकाजी म्हणायचा, "लढाईत मिळाला." त्याचा मुलगा म्हणू लागला, "लढाईत जिंकला." नातवापर्यंत येताना मी शत्रूला लोळवून आणलेला झालो, आणि पणतूच्या तोंडी तो शत्रू थेट सरदार बनला. गोष्टीला काय, फुगवाल तेवढी फुगते. मी मात्र आक्रसत होतो. शंभर दसऱ्यांना शंभर वेळा चिंच! किती मायेने घासायची ती माणसं! पण त्या घासण्यापायी माझ्यावरचं नाव झिजत चाललं होतं, आणि कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तो पणतू म्हणजे रविकांत. शास्त्रज्ञ झाला आणि मला स्वेटरमध्ये गुंडाळून जपानला घेऊन आला. बरोबर बायको विभा आणि लेक अनया. इथे दसऱ्याला आपट्याची पानं कुठली मिळायला? विभा रस्त्यावरच्या इचोच्या झाडाची पानं आणते. तीही तशीच दुभंगलेली असतात. चिंच संपली तेव्हा तिने उमेबोशी, म्हणजे इथलं खारवलेलं आंबट फळ, माझ्यावर चोळून पाहिलं आणि मी असा काही लखलखलो की विचारू नका. पहिल्या पाण्याची रीत मात्र सुटली. चौथ्या मजल्यावर दारात वाटसरू कुठला येणार?

१९९४ साली दसऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून पूजा रविवारी केली. सकाळी विभा मला घासायला बसली.

"ही काळी नक्षी काही केल्या निघत नाही बाई," ती म्हणाली आणि तिने जोर लावला. माझ्या धन्याच्या बापाचं नाव त्या सकाळी पुसलं गेलं. आणखी एक उमेबोशी, की मुतवल्लीही गेला असता. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि मी वाचलो.

प्रयोगशाळेतली मंडळी आली होती. त्यांत नव्याने रुजू झालेला सामेहही होता. पूजा झाली, फराळ झाला आणि रविकांतने मला हातात घेतलं. गोष्ट त्याच्या इतकी तोंडात बसलेली, की समोर कोण बसलंय याचं भान राहिलं नाही.

"माझ्या पणजोबांनी तेल-अल-कबीरच्या लढाईत शत्रूच्या सरदाराला लोळवून हा..."

"अहो," विभा हळूच म्हणाली, "सामेह-सान इजिप्तचे आहेत."

रविकांतचा चेहरा खर्रकन उतरला.  सामेहने हात पुढे केला, मला घेतलं आणि बाल्कनीच्या उजेडात तिरपं धरलं. कितीतरी वेळ तो बघत होता. मग त्याने बोट ठेवलं. उजवीकडून डावीकडे, अगदी त्या बाईसारखं.

"मुतवल्ली," तो म्हणाला. "पुढचं गेलंय. रविकांत-सान, हा सरदार नव्हता. हे आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराचं नाव आहे."

एकशेबारा वर्षं, मित्रांनो! एकशेबारा वर्षांनी कुणीतरी माझ्या धन्याला नावाने हाक मारली. मला रडता येत असतं तर मी भरून वाहिलो असतो.

"होन्तो? खरंच?" अनया म्हणाली. नऊ वर्षांची पोर, चकित झाली की तिच्या तोंडून जपानीच निघतं. "बाबा, मग खापरपणजोबांनी त्याला मारलं का?"

रविकांतने मान खाली घातली. "मला माहीत नाही गं."

मला माहीत होतं! पण चंबूला तोंड असतं, जीभ नसते. माझ्यापायी भिकाजी त्या घरात खुनी ठरणार होता आणि मी मुकाट्याने बघत होतो.

"अहो, तुमच्या घरची ती रीत होती ना?" विभा एकदम म्हणाली. "पहिलं पाणी परक्याला?"

रविकांत सामेहला ती रीत समजावून सांगू लागला आणि मध्येच थांबला.

"लोळवून आणलेल्या भांड्यातलं पाणी कुणी आधी परक्याला का देईल?" तो स्वतःशीच म्हणाला. मग सामेहकडे वळला. "पणजोबांनी त्याला पाणी पाजलं असणार. मी गोष्ट सांभाळली आणि रीत सोडली. माफ करा. हा तुमचा आहे, तुम्ही घेऊन जा."

"मी मुतवल्लीचा कुणी नाही," सामेह म्हणाला. "पण पाणी द्या."

अनयाने नळाखाली मला काठोकाठ भरलं आणि दोन्ही हातांनी सामेहपुढे धरलं. "मिझु, दोझो," ती म्हणाली, म्हणजे पाणी घ्या.

सामेह दोन घोट प्यायला. डोळे पुसत हसला. "तुमची मिझु. आमच्याकडे मय्या म्हणतात."

"मय्या," अनया म्हणाली.

तिने तिचा ओरिगामीचा पांढरा कागद माझ्या पोटावर ठेवला आणि वरून पेन्सिल फिरवली. नाव कागदावर उतरलं. सामेह तो कागद घेऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात झगाझिगजवळच्या एका मशिदीत त्याने ते नाव घेऊन प्रार्थना केली, असं त्याचं पत्र आलं.

तेव्हापासून दसऱ्याला मला घासायचं काम अनयाकडे आहे. बाकीचा मी लखलखतो, पण पोटावरचा चार बोटांचा पट्टा ती काळाच ठेवते. पाहुणे म्हणतात, इथे डाग राहिला वाटतं. मग ती त्यांना नाव सांगते आणि पहिलं पाणी देते.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं म्हातारं भांडं असेल. त्याला घासा, पुसा, लाड करा. आम्हाला ते आवडतं. पण जोर लावण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. जो डाग निघता निघत नाही, तिथे कदाचित कुणाच्या तरी आईने मुलाचं नाव कोरून घेतलेलं असेल.