वाढवलेली गोधडी

माघातली दुपार कलत होती. आरम नदीच्या कृश, कांचनवर्ण धारेवर ऊन थकून टेकले होते. दूरचे डोंगर निळसर धूसरतेत विरघळत होते. आणि सटाण्याच्या बाजारपेठेत, निंबाजी शेवाळ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात, टांगलेल्या साखळ्यांवरून, नव्या घमेल्यांवरून, खिळ्यांच्या पेट्यांवरून तोच पीतकोमल प्रकाश हलके हलके ओघळत होता.

लोखंडाच्या त्या राज्यात निंबाजींची चाळीस वर्षे सरली होती. त्यांच्या तळव्यांना गंजाचा रंग होता, बोटांना ग्रीसचा गंध होता. त्या बोटांनी सुई कधी धरली नव्हती.

सुई सुभद्राबाईंची. त्यांच्या हातून टाका पडे तो तांदळाच्या दाण्याएवढा, सरळ, शुभ्र, एकामागून एक. लेकीला, चारूला, दिवस गेल्याचे कळले त्याच दिवशी त्यांनी आपली जुनी मऊ पातळे फाडली, थरावर थर घातले आणि नातवंडासाठी इवलीशी गोधडी मांडली. मोरपंखी चौकोनाशेजारी अबोली, अबोलीशेजारी हळदी.

संक्रांतीच्या तोंडावर अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. गोधडी अर्ध्यावर राहिली.

आईचे हे दुखणे, म्हणून चारूचे बाळंतपण नाशिकला, सासरीच करायचे ठरले. सुभद्राबाई दिवसभर ती अपुरी गोधडी मांडीवर घेऊन बसत. निर्जीव उजवा हात तिच्यावर ठेवत. डाव्याने तो कुरवाळत.

निंबाजींना ते पाहवेना. त्या कलत्या दुपारी त्यांनी दुकान लवकर बंद केले आणि पिशवीत काही वस्तू भरून घरी आणल्या.

“हे काय आणलंत?” सुभद्राबाईंनी विचारले. झटक्यानंतर त्यांचे शब्द जरा अडखळत येत.

“माझी हत्यारं. तू सांग, मी शिवतो.”

शिवणाचे अंगुस्तान त्यांच्या जाड बोटात शिरेना. त्यांनी नळाचे पितळी टोपण बोटावर चढवले. टाचण्या सारख्या निसटत; त्यांनी कापडाच्या कडेकडेने लोखंडी वॉशर मांडले, आणि थर निमूट निजल्यासारखे सपाट झाले. सुताराची दोरी निळ्या खडूच्या भुकटीत घोळवून, दोन टोकांना ताणून त्यांनी टणकन सोडली. हळदी कापडावर निळी, निष्कंप रेघ उमटली. कोपरे सुताराच्या गुण्याने काटकोनात आणले. आणि चार थरांत सुई रुतून बसली, तेव्हा पकडीने धरून अलगद ओढली, एखाद्याच्या पायातला काटा काढावा तशी.

सुभद्राबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. अर्ध्याच ओठाने, पण हसल्या.

“अहो, टाका तांदळाएवढा हवा. हा तर मक्याचा दाणा झाला!”

“बाळाला काय कळतंय तांदूळ अन् मका,” निंबाजी म्हणाले.

वीस दिवस ते शिवत होते. शेवटची गाठ मारली, तेव्हा फाल्गुन लागला होता आणि पळस पेटले होते.

मग नाशिकहून जावयांचा फोन आला.

मुलगी झाली होती. पुरत्या दिवसांची, काळ्याभोर जावळाची, पूर्णांगी, सुंदर. फक्त ती रडली नाही. तिने या जगातला एकही श्वास घेतला नाही.

फोन ठेवून निंबाजी उभे राहिले ते उभेच राहिले. सुभद्राबाईंना त्यांच्या पाठीवरूनच कळले. मग निंबाजींनी गोधडीची घडी केली, दुकानात नेली आणि रंगाच्या डब्यांमागे, अंधारात, कुणाच्या दृष्टीस पडणार नाही अशी ठेवून दिली.

बाराव्या दिवशी चारू माहेरी आली.

ती बोलत नव्हती. ती रडत नव्हती. भिंतीकडे तोंड करून निजे आणि भिंतीकडे तोंड करून जागी होई. बाळ नव्हते, पण दूध आले होते. अबोध, आंधळे, अनावर दूध. तिच्या चोळीवर दोन ओली वर्तुळे उमलत, आणि ती आईला डाव्या हाताने पुसूही द्यायची नाही.

चौथ्या सकाळी ती उठून बसली.

“नाना, माझ्या बाळाची गोधडी कुठंय?”

निंबाजींनी सुभद्राबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. “आणा. लपवू नका तिच्यापासून.”

त्यांनी ती आणली. चारूने घडी उलगडली. मोरपंखी, अबोली, हळदी. तांदळाएवढ्या टाक्यांवरून तिचे बोट सरकत गेले आणि मक्याएवढ्या टाक्यांशी थांबले.

“हे कुणी घातले?”

“मी,” निंबाजी अपराध्यासारखे म्हणाले. “वाकडे आलेत जरा.”

चारू पाय लांब करून आडवी झाली आणि गोधडी अंगावर ओढली. ती पोटापासून गुडघ्यापर्यंतच पुरली. कितीतरी वेळ ती तशीच पडून राहिली, वर छताकडे बघत. मग म्हणाली,

“नाना, ही मला पुरेल एवढी करा.”

तेवढेच. पण निंबाजींना वाटले, भिंत बोलली.

पुन्हा जमिनीवर वॉशर मांडले गेले. पुन्हा निळी दोरी टणकारली. चारूचा शाळेतला आकाशी फ्रॉक, निंबाजींचे विटके धोतर, सुभद्राबाईंचे लग्नातले डाळिंबी लुगडे, एकेक पट्टी त्या इवल्या गोधडीच्या चौकोनाभोवती चढत गेली. सुभद्राबाई रंग निवडत, निंबाजी शिवत, आणि चारू उशाशी बसून नुसती पाहत राही.

लुगड्याच्या जाड काठाशी सुई अडली. निंबाजींनी पकड लावली, ओढली, सुई हलेना.

चारूने त्यांच्या हातातून पकड घेतली. दात आवळले. ओढली. पुन्हा ओढली. सुई एकदम सुटली, लांबलचक पांढरा दोरा सरसरत बाहेर आला, आणि त्याच्यामागोमाग तिच्या छातीतून असा एक हंबरडा फुटला की दारातल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. पकड हातात तशीच घट्ट धरून ती रडली. सुभद्राबाईंनी डाव्या हाताने तिला जवळ ओढले. निंबाजींनी बोटातले पितळी टोपण काढले आणि ती आल्यापासून प्रथमच लेकीच्या केसांवर तळवा ठेवला.

उरलेले सगळे टाके चारूने घातले. ते ना तांदळाएवढे होते, ना मक्याएवढे. ते तिचे होते.

चैत्राच्या एका भरदुपारी गोधडी पुरी झाली. चारू ती पांघरून कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले, आणि मधल्या त्या इवल्या, मोरपंखी-अबोली-हळदी चौकोनावर तळवा ठेवून निजली. घरात कुणी हलले नाही. कुणी भांडे वाजवले नाही. फक्त तिच्या तळव्याखाली तो चौकोन तिच्या श्वासाबरोबर वर येत होता, खाली जात होता. वर येत होता, खाली जात होता.