न उडालेलं पिवळं

“सहदेवकाका, गच्चीतले बीकर कुठे गेले?” अंतराने विचारलं, तेव्हा सहदेव टेबल पुसत होता. तो जरा ऐटीतच म्हणाला, “कपाटात ठेवले ना. उन्हात औषध नासतं, ताई.”

कल्याणच्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. बाटली तपकिरी, कपाट काळोखी आणि किल्ली आपल्या खिशात. पण अंतराचा चेहरा पडला. तिचा एमएस्सीचा सगळा प्रयोगच उन्हावर होता. पाण्यात क्रोमियमचं पिवळं विष, त्यात एक पांढरी पूड आणि चिमूटभर लिंबूसत्त्व. ऊन लागलं की पूड कामाला लागते आणि विषाचा जहालपणा मोडते, असं तिने सांगितलं. चार वाजता परीक्षक येणार होते आणि सकाळचं ऊन सहदेवच्या शिस्तीपायी फुकट गेलं होतं.

क्रोमियमचं नाव ऐकून सहदेव स्टुलावर बसलाच. हे पिवळं त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. इथे लागण्याआधी डोंबिवलीच्या एका शेडमध्ये नऊ वर्षं त्याने क्रोमची चकाकी चढवायला स्कूटरची हँडलं त्या पाण्यात बुडवली होती. वास येणं तिथेच बंद झालं, त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. दुःख होतं ते हौसाबाईचं. त्याचे पिवळे बनियन धुऊन धुऊन बायकोची बोटं भेगाळली, ती कायमचीच. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, हळदीसारखंच असतं, काही होत नाही.

त्याने हातमोजे चढवले आणि बीकरचा ट्रे पुन्हा गच्चीवर नेला. टाकीची सावली सरकेल तसा तो ट्रे सरकवत होता, काचेच्या कांडीने ढवळत होता. अंतराने दोनदा जेवून घ्यायला सांगूनही त्याने जेवणाचा डबा उघडला नाही. साडेतीनला पिवळट दुधासारखं दिसणारं पाणी पांढरं झालं. तिने ते गाळून काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकले. विष उरलं असतं तर जांभळा रंग आला असता. आला नाही. परीक्षक बघून, चार प्रश्न विचारून, सही करून गेले.

“ताई, ती नळी उद्यापर्यंत ठेवाल?” सहदेवने विचारलं. “घरी दाखवायचीय.”

दुसऱ्या दिवशी हौसाबाई शहाडहून रिक्षाने आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. टेबलावर बूच लावलेल्या दोन नळ्या होत्या, एक उन्हाआधीची पिवळी आणि एक उन्हानंतरची नितळ. सहदेवने काय ते तिला समजावलं आणि मग मान खाली घालून म्हणाला, “हौसा, ती हळद नव्हती गं.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “हळद उन्हात उडती. तुमच्या बनियनचं पिवळं कवा उडलं न्हाई. तवाच कळलं व्हतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी दिसभर त्यात हुबं ऱ्हायचा. मी निसतं धुवायची.”

तिने हात पदराला पुसले, नितळ नळी भेगाळल्या बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नेली.

“आता उडलं,” ती म्हणाली, आणि नळी खाली न ठेवता तशीच बघत उभी राहिली.