तानकाट्यावरचा आळ

मित्रांनो, विज्ञानाच्या पुस्तकात माझं चित्र तुम्ही पाहिलं असेल. वर कडी, खाली आकडा, मधे स्प्रिंग आणि वजन दाखवणारी सुई. मी त्या जातीचाच एक जुना तानकाटा आहे; चित्रापेक्षा बराच झिजलेला, एवढाच फरक.

कारखान्यातून निघालो तो थेट रद्दीवाल्याच्या दुकानात टांगला गेलो. माणसं ओळखायला मी तिथे शिकलो. रद्दीवाल्याचा अंगठा गठ्ठ्याला खालून हळूच टेकू द्यायचा. गिऱ्हाईकही काही कमी नसे. गठ्ठ्याच्या पोटात ओले कागद घालून आणायचं. आणि दोघंही साक्षीला मलाच धरायचे, "काटा काय खोटं बोलतोय का?"

दुकान बंद पडलं तेव्हा शेजारच्या बाईंडरकाकांनी मला घरी नेलं. त्यांच्याकडे एका खोलीत पुस्तकं शिवली जात, दुसरीत काकू कपडे शिवत. मला काम असं नव्हतंच. खिळ्यावर लटकायचं आणि बघत राहायचं.

एकदा कुणाचा तरी रोमच्या फोटोंचा अल्बम बांधायला आला. काकूंनी तो उघडला आणि त्या दिवशी त्यांचं मशीन काही चाललं नाही. "अहो, जाऊ या ना. तीनच दिवस." तिकीट स्वस्तातलं काढलं, त्यामुळे दोघांत एकच बॅग आणि वजनाची सक्त अट. माझा भाव एकदम वधारला.

रोज संध्याकाळी बॅग माझ्या आकड्याला लागे आणि काकू नकाशा पसरत. "पहिल्या दिवशी कलोसियम. दुसऱ्या दिवशी कारंजी. तिसऱ्या दिवशी त्या मोठ्या चर्चच्या घुमटावर चढायचं."

"लिफ्ट असेल तर."

"आत्तापासूनच म्हातारे झालात?"

"तुझ्या संगतीचा गुण."

एका दुपारी काकू शिवलेले कपडे पोहोचवायला गेल्या होत्या. काकांनी धाकट्या भावाला फोन लावला. "डॉक्टर म्हणाले, अशा हृदयाने विमान विसरा. तिला बोलू नकोस. आत्ता कळलं तर तीही जायची नाही. निघताना दारातच सांगेन." फोन ठेवून त्यांनी बॅग उघडली, आपला स्वेटर काढला आणि कपाटात मागे सारला. दुसऱ्या दिवशी दाढीचं सामान. मग बूट.

"कमी कसं भरतंय हो?" काकू संध्याकाळी म्हणाल्या.

"स्प्रिंग सैल पडली असेल. जुना झालाय बिचारा."

मित्रांनो, सैल स्प्रिंग जास्त ताणली जाते. ती वजन जास्त दाखवते, कमी नाही. काकांना हे पक्कं ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे? काकूंना मात्र आनंदच झाला. जागा उरली म्हणून त्यांनी काकांसाठी जाड मफलर भरला. दुसऱ्या दुपारी तोही कपाटात गेला. आणि मी, तुटक्या कात्र्यांबरोबर ड्रॉवरमध्ये.

निघायचे दिवस जवळ आले तेव्हा काकूंनी मला बाहेर काढलं. साखरेची न फोडलेली किलोची पिशवी माझ्या आकड्याला लावली. सुई बरोबर एक किलोवर थांबली. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बॅग उघडली.

"अहो, तुमचे कपडे?"

"कपाटात."

"आणि तुम्ही?"

काका खळीचा ब्रश धूत होते. स्वच्छ झालेला ब्रश ते बराच वेळ धूतच राहिले. "मी पण इथेच."

"मी एकटी घुमटावर चढून काय करणार होते?"

"बघून आली असतीस, की सांगितलं असतंस."

"कुणाला?" काकू म्हणाल्या. डॉक्टर काय बोलले असतील, ते त्यांना न सांगता कळलं होतं.

त्याच आठवड्यात बॅग घराबाहेर पडली. काकांचे कपडे पुन्हा आत होते. पण ती गेली इस्पितळात, आणि इस्पितळाला वजनाची अट नसते. मला कुणी विचारलं नाही. बॅग परत आली ती काकूंच्या हातून, एकट्या काकूंच्या. त्यांनी ती न उघडताच माझ्या आकड्याला लावली आणि दिवा मालवला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वजन कमी भरलं तर काट्याला नावं ठेवण्याआधी बॅग उघडून बघा. आणि काम झालं की काट्यावरचं ओझं उतरवून ठेवा. काकूंनी ते अजून उतरवलेलं नाही. आता माझी स्प्रिंग खरोखरच सैल पडत चालली आहे. तीच बॅग मी दर महिन्याला थोडी जास्त जड दाखवतो. काकू येता-जाता सुईकडे बघतात, पण काटा बिघडलाय असं एकदाही म्हणत नाहीत.