सतरा नंबरचा नारिंगी

मी परळच्या एका गिरणीतली रंगपट्टी बोलतेय. जाड पुठ्ठा, त्यावर चिकटवलेले चाळीस कापडी तुकडे आणि प्रत्येकाखाली नंबर, एवढाच माझा देह. रंगखात्यातले मुकादम, सीताराम जॉबर, माझ्याशी जुळवल्याशिवाय कापडाचा एक ताका पुढे जाऊ देत नसत. जुनी झाल्यावर त्यांनी मला घरी आणलं. त्यांचा एकच हट्ट, रंग बघायचा तो सकाळच्या उजेडात.

शेजारच्या खोलीतला जयवंत त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. सुट्टीला पक्षी बघत हिंडायचा.

छप्पन सालच्या संक्रांतीच्या सुमारास, एका रविवारी त्याला पवईच्या तळ्यावर रानहंस उतरताना दिसला. कपाळ पांढरं! नेहमीच्या रानहंसाचे पाय गुलाबी, या दुर्मीळ पाहुण्याचे नारिंगी. पक्षी-अभ्यासकांच्या वहीत नोंद व्हायला दुसऱ्या माणसाची सही हवी होती. साचेवाल्याचं नाव त्या वहीत! जयवंत धावत सीतारामांकडे आला. त्यांनी मला पिशवीत घातलं.

पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. हंस डोकं पंखात खुपसून चिखलात उभा. सीतारामांनी दुर्बीण लावली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचं बोट सतरा नंबरवर थांबलं. नारिंगी.

"करा सही, दादा," जयवंतने नोंदीचा कागद पुढे केला.

"संध्याकाळचा उजेड फसवतो रे. उद्या रजा टाकू, सकाळी येऊ."

"अहो, पट्टीपण ह्याच उजेडात आहे ना? तिच्यावरचा गुलाबी गुलाबीच दिसतोय."

"मला रंग शिकवतोस? वीस वर्षं काढली रंगात!"

जयवंतचं बरोबर होतं. सीतारामांनाही ते दिसलं होतं, पण धाकट्याने चूक दाखवलेली मनाला झोंबली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

सोमवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. हरताळ, गोळीबार, संचारबंदी. आठवड्याने दोघं गेले तेव्हा तळ्यावर नुसत्या टिटव्या. जयवंतने बिनसहीचा कागद सीतारामांच्या हातात दिला आणि त्यानंतर त्यांना आपणहून कधी हाक मारली नाही.

साठ साली, महाराष्ट्राचे पेढे वाटले त्या सकाळी, सीतारामांनी खिडकीत बसून सही केली. मला काखोटीला मारून, कागद आणि पेढा घेऊन शेजारी गेले. जयवंतने सही पाहिली.

"आता उजेड बरा आहे का, दादा?"

सीताराम मान खाली घालून परतले. पेढा हातातच राहिला.

आता माझे रंग विटलेत. नऊ नंबरचा गुलाबी आणि सतराचा नारिंगी मलाच ओळखू येत नाहीत. म्हणून विनवते, बाबांनो, जुळलेला रंग जुळला म्हणा, आणि तो दिसतोय तेव्हाच म्हणा.