रंगाचे पिंप आणि हौदातले मासे

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी पिंप आहे. नागपुरात सक्करदऱ्याच्या तळ्याजवळ, ईश्वरदासांच्या घराच्या मागीलदारी मी उभे असते. कोणत्या कारखान्यात घडले, ते मला आठवत नाही. मला कळू लागले तेव्हा माझ्या पोटात लाल रंग होता आणि बुडाखाली चूल पेटलेली होती.

ईश्वरदास विणकर होते. लुगड्यांच्या काठांचे सूत माझ्यात रंगत असे. "या पिंपातला रंग कितीक धुवा, जात नाई," असे गिऱ्हाइके म्हणत, आणि मी फुगून जाई. पुढे गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच घरचा माग बंद पडला. ईश्वरदास गिरणीत कामाला लागले आणि मी मागीलदारी उपडे पडले.

सूत भिजवायचा हौदही रिकामाच झाला होता. ईश्वरदासांच्या पत्नी कुसुमावतीबाईंनी त्यात कमळे लावली, तळ्यातले लहान मासे आणून सोडले, भोवती मोगरा फुलवला. गिरणीतून थकून आलेले ईश्वरदास चहाच्या आधी हौदापाशी जाऊन बसत.

मग एक वाईट उन्हाळा आला. हौदाचे पाणी हिरवे आणि दाट झाले. मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. काही तर उलटे होऊन तरंगले.

पारशिवनीचे त्यांचे शेतकरी मित्र मधुकरराव म्हणाले, "माह्या विहिरीवरचं जुनं इंजिन नेऊन टाक गा. एका दमात पानी फिरवते."

पण बर्डीवरच्या बाजारातले पंपवाले वामनराव हौद पाहायला आले आणि त्यांनी मान हलवली. "त्या इंजिनानं मासेच वढून घेतले जातीन. हौदाएवढाच पंप घ्या. अन् गाळणं पायजेच, नाई तं तेच घान पानी फिरत राहीन. एखादं पिंप आहे का घरी? त्यात गिट्टी, रेती, कोळसा भरा."

ईश्वरदासांची नजर माझ्यावर पडली.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणी मला उचलले, तरी मला आनंद झाला नाही. माझ्या बुडाच्या सांध्यात, गंजाच्या पापुद्र्यांखाली रंग साचून होता, हे मला ठाऊक होते. ईश्वरदासांनी मला राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासले. तळाशी भोक पाडून नळी बसवली आणि माझ्यात गिट्टी, रेती, कोळसा भरला. लहानसा विजेचा पंप हौदाच्या काठावर आला. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण पिंपाला वाचा कुठली?

ईश्वरदास बटणाकडे वळले तेवढ्यात कुसुमावतीबाई आडव्या आल्या. "थांबा ना जी. मले भेव वाटून राहिलं. यात रंग व्हता."

"काहून भेते वं? घासलं ना म्या."

"तरी पन. पयले बादलीभर पानी टाकून पाहू. हौदात नोका सोडू."

माझ्यात विहिरीचे पाणी ओतले. नळीतून पडणारे पाणी स्वच्छ दिसत होते. बाईंनी तरीही नळी बंद करून पाणी माझ्यात तसेच मुरू दिले. ऊन चढत गेले. हौदात आणखी एक मासा उलटा झाला, तेव्हा ईश्वरदासांचा आवाज फाटला. "पाह्य! तुह्या भेवापायी गेला तो! आता तरी चालू करू दे!"

बाईंनी पांढरी चिनी बशी आणली आणि नळी उघडून तिच्याखाली धरली. बशीत थोडे पाणी जमले. दोघे वाकून पाहू लागले. पाणी फिकट गुलाबी होते.

ईश्वरदासांनी बशीतले पाणी हौदापासून लांब ओतले. "मी हे आत्ताच हौदात सोडत व्हतो," ते म्हणाले.

बाईंनी वेळ घालवला नाही. "हे पिंप नोको. नुसता पंप चालू करा, वरून पानी पडू द्या. माश्याइले हवा तं भेटन."

पंप घरघरला. पाणी उंचावरून हौदात कोसळू लागले. दुपार कलताना मासे हळूहळू खाली गेले. सगळे वाचले नाहीत, पण बरेच वाचले. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून मातीची कोरी नांद आली आणि गिट्टी, रेती, कोळसा नव्याने आणून तिच्यात भरला. पाणी निवळायला पावसाळा उजाडला.

मला पुन्हा मागीलदारी नेऊन ठेवले. मित्रांनो, जुन्या भांड्याला नवे काम जरूर द्या, पण त्यात आधी काय होते, ते विचारून घ्या. ते स्वतः सांगू शकत नाही. अडगळीतल्या वस्तू कुणीतरी आपल्याला निवडावे म्हणून झुरत असतात. मीही झुरत असे. पण त्या दुपारी कुसुमावतीबाईंनी मला 'नको' म्हटले आणि माझा जीव भांड्यात पडला.