थोराबाईंचे बटाटे

फ्यून बेटावरच्या त्या वृद्धाश्रमात आठच म्हातारी माणसं राहत, म्हणून तिथे सगळं अगदी घरच्यासारखं असायला हवं, असा व्यवस्थापिका मेटेचा हट्ट होता. जन्मभर जे केलं तेच करण्यात म्हाताऱ्यांना आनंद मिळतो, असं ती कुठल्याशा शिबिरात शिकून आली होती. थोराबाईंनी जहाजांच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये एक्केचाळीस वर्षं बटाटे सोलले होते. त्यामुळे रोज दहाच्या कॉफीनंतर त्यांच्यापुढे बटाट्यांचं पातेलं येई. मेटे इतक्या कौतुकाने बघत उभी राही, की त्यांना नाही म्हणवत नसे.

मग एक दिवस नगरपालिकेच्या तपासनीस बाई आल्या. "इथे आणखी काय हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मला काही नको," थोराबाई सोलता सोलता म्हणाल्या. "पण आमच्या एव्हाल्डचं बघा जरा. बसून बसून कंटाळलाय बिचारा. त्याचं काम त्याला अजून कुणी दिलेलं नाही."

समोर एव्हाल्ड गुमान कॉफी पीत होता.

"अरेरे," म्हणत बाई लिहू लागल्या. "काय काम करायचे ते?"

"चर्चमागे कबरी खणायचा. छत्तीस वर्षं."

बाईंचं पेन थांबलं. एव्हाल्डने कप खाली ठेवला आणि टेबलाभोवतीच्या एकेकाकडे नीट बघून घेतलं, जुन्या सवयीने, उंचीचा अंदाज घेत.

दुसऱ्या दिवसापासून बटाटे सोललेलेच येऊ लागले.